हसण्यासाठी सोडलेली जागा

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. एका जुन्या, विसरून गेलेल्या विनोदी सिनेमाचा ‘शोध’ लावल्याबद्दल गेली काही वर्षं मला व्यासपीठावर बसवतात, शाल-श्रीफळ देतात. त्यातल्या ‘काळाच्या धाडसी उलटापालटी’वर मी लिहिलेला लेख लोक अजूनही एकमेकांना पाठवतात. त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने असली कसलीही उलटापालट केलेली नव्हती. ती केली शिरगावच्या वसंत राऊत नावाच्या माणसाने. तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवायचे ते. मांडीवर रीळ आणि हातात दाढीचं ब्लेड घेऊन त्यांनी ती केली. आणि हे मला लेख छापून आल्यावर कळलं असंही नाही... लिहायला बसण्याच्या सहा महिने आधी त्यांनी स्वतःच मला सगळं सांगितलं होतं.

वसंतदादा गेले त्याला आता सात आठवडे झाले. त्यांच्या मुलीचा, नंदाचा, फोन आला तेव्हा रविवारची सकाळ होती आणि मी बोईसरला घरी संगणकासमोर बसलो होतो. दर रविवारी आमच्या जुन्या सिनेमांच्या मंडळाची बैठक असते. पडद्यावर चौकटीचौकटींत दहा-बारा माणसं. कुणी पुण्याचं, कुणी दादरचं, एक जण थेट परदेशातून. सगळ्यांच्या मागे पुस्तकांची कपाटं, मुद्दाम दिसतील अशी. त्या दिवशी विषय होता एका मूकपटाचा, ज्याची फक्त साडेतीन मिनिटं शिल्लक आहेत. नंदा म्हणाली, “काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला आणि... बसल्या जागीच.” मी “येतो” म्हणालो, फोन ठेवला आणि उठलो नाही. आणखी दोघांनंतर माझी बोलायची पाळी होती. मी थांबलो, साडेतीन मिनिटांवर अकरा मिनिटं बोललो, आणि मग शर्ट बदलायला गेलो. पुढे जे सांगणार आहे त्याच्या मानाने हे काहीच नाही.

जुन्या, दुर्मीळ, कुणी न पाहिलेल्या विनोदी सिनेमांत एवढं काय असतं, असं मला भाषणानंतर कुणीतरी हटकून विचारतं. मी तेव्हा निरागसतेबद्दल, त्या काळच्या निर्मळ हसण्याबद्दल वगैरे बोलतो. खरं उत्तर असं, की त्यांत काही नसतं. बहुतेक सिनेमे ज्या कारणासाठी विसरले गेले ते कारण पहिल्या रिळातच दिसतं. बोबडा नोकर, वेंधळा कारकून, भांडखोर सासू, आणि शेवटी सगळे एका खोलीत जमून एकमेकांवर आपटतात. पण ते कुणी पाहिलेले नसतात ना, तिथेच सगळी मजा आहे. सगळ्यांनी पाहिलेल्या सिनेमाबद्दल तोंड उघडलं तर रिक्षावालाही दोन शब्द सुनावून जातो. कुणीच न पाहिलेल्या सिनेमाबद्दल मी म्हणेन ते खरं. आमच्या मंडळात हे गणित पक्कं आहे: पूर्ण प्रिंट मिळाली की सिनेमा जरा नजरेतून उतरतो, निम्मी मिळाली तर उत्तम, आणि नुसतं पोस्टर उरलं असेल तर ती थोर कलाकृती. या माणसांपैकी एकालाही विनोदी सिनेमा पाहून हसताना मी आठ वर्षांत पाहिलेलं नाही. आम्ही ‘हं’ म्हणतो. फारच आवडलं तर मान हलवून ‘हंऽ’ म्हणतो. मी त्यांच्यातलाच, किंबहुना त्यांच्यापेक्षा चार अंगुळं वर, कारण माझ्या हातात अख्खा सिनेमा लागला होता.

तो लागला वासावरून. कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. वसंतदादा तिथे बॉयलरवर होते. तारापूरला वीस वर्षं काढलेल्या माणसाला डोळे बांधून रस्त्याने नेलं तरी कुठल्या प्लांटमध्ये काय शिजतंय ते सांगता येतं. एकदा बॉयलर हाऊसमध्ये पाण्याचा नमुना घ्यायला गेलो तर त्यांच्या कपड्यांना अॅसिटिक अॅसिडचा, म्हणजे व्हिनेगरचा वास. आमच्याकडे ते वापरात नव्हतं. मला शेजारच्या प्लांटमधल्या गळतीची शंका आली. त्यांच्या पाळीवरचा एक बिहारी कामगार हसत म्हणाला, “साब, चाचा का तो टिफिन भी सिरके जैसा महकता है.” वसंतदादा गेजवरची नजर न काढता म्हणाले, “कंपनीचा नाय तो, साहेब. घरचा हाय. पिक्चर नासतोय.”

मला वाटलं फिरकी घेतायत. पण जुनी फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरचा वास सुटतो हे मी मंडळातल्या थोरामोठ्यांकडून ऐकलं होतं. पुढच्या सुट्टीला मी पालघरवरून शिरगावला त्यांच्या घरी जाऊन थडकलो. घराला लागून नागवेलीची लहानशी वाडी, मागे कौलारू खोपटं, आणि त्यात गोणपाटाखाली नऊ गंजके डबे. वहिनी नाकाला पदर लावून दारात उभ्या. “न्या बाबा एकदाचे. लग्न होऊन आले तवापासून वास येतोय. मला वाटलं घरात लोणच्याची बरणी नासलीय, किती वर्षं शोधत होते.”

“बरणी तुझ्यासमोर बसलीय,” वसंतदादा म्हणाले.

“ती कळली मला. झाकण कुठंय ते शोधतेय आता.”

आम्ही चहा घेत बसलो आणि त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते एका फिरत्या तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते. जत्रा असेल त्या गावाला तंबू जायचा. हा सिनेमा तेव्हाच जुना झाला होता. वितरकाने बाकीच्यांबरोबर फुकटात गळ्यात मारलेला. पुढे टॉकीज बंद पडलं, प्रिंट परत न्यायला कुणी आलंच नाही, आणि डबे त्यांच्याकडे राहिले. सिनेमाचं मूळ नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की आमच्यासारखे आणखी दहा जण नाक वर करून माझा तो लेख शोधत सुटतील. शिरगावात त्याला ‘मिशीचा पिक्चर’ म्हणतात, तेच पुरे. गोष्ट अगदी साधी. एका मुलीच्या बापाला जावई फौजदारच हवा असतो, म्हणून एक कारकून खोटी मिशी लावून फौजदार बनतो. चौथ्या रिळात तो मिशी विकत घेतो आणि आरशासमोर उभा राहून मित्राला लांबलचक भाषण देतो: ही मिशी वादळात हलायची नाही, पुरात वाहायची नाही. पाचव्या रिळात सासऱ्याच्या पंगतीत ती आमटीत पडते.

“पिक्चर भंगार हाय, साहेब,” वसंतदादा म्हणाले. “पालघरला दोन दिवसांत उतरला. चौथं रीळ लागलं की लोकं मुतायला उठायची. मग शिरगावला किल्ल्याजवळ तंबू लागला. वारा असा सुटला का कनाती उडाय लागल्या. जनरेटर बसला, बत्ती गेली. अंधारात माझ्या हाताला चौथ्याच्या जागी पाचवं आलं. मशीन एकच, रीळ चढलं म्हणजे चढलं. मालक मागून आयमाय काढतोय. लोकं गप. हा कोण मिशीवाला, याला सलाम का ठोकतायत, काय कळंना कुणाला. मग मिशी आमटीत पडली. लोकं हसली. मी म्हटलं, आता वाचलो तर वाचलो, आणि चौथं लावलं. तर तो येडा आरशात बघून सांगतोय, माझी मिशी पडायची नाय. आणि सगळ्या तंबूला म्हाईत हाय ती कुठं पडली. साहेब, बायका लोळल्या अक्षरशः. आधी फजिती, मग फुशारकी. दुसऱ्या दिवशी मालक बोलला, असंच लाव.”

चूक इथे संपली आणि काम सुरू झालं. पुढचे दोन मोसम वसंतदादांनी तो सिनेमा उसवून पुन्हा शिवला. मशीनशेजारच्या फटीतून ते लोकांकडे बघायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लेड घेऊन बसायचे. एक गाणं उचलून शेवटी नेलं. सासऱ्याची दोन वाक्यं तोडून फौजदाराच्या तोंडासमोर आणली. पट्टीची टोकं खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. पाम गावच्या जत्रेत एका ठिकाणी हसणं इतकं लांबलं की पुढचं बोलणं त्यात बुडून गेलं, तर तिथे त्यांनी चार हात काळी पट्टी जोडली. चार-पाच सेकंद पडदा काळा, आवाज बंद. हसून घ्या, मग पुढचं. अशा सात जागा त्यांनी ठेवल्या होत्या. कुठल्या गावाला किती हात लागते तेही त्यांना पाठ होतं. “कुंभवलीला तीन हात पुरत. तिथली लोकं लवकर गप होत.” शिरगावात आजही कुणी फार मोठेपणा करायला लागला की त्याला ‘मिशी पडंल’ म्हणतात, ते मी स्वतः तिथल्या दुकानात ऐकलं आहे. म्हणणाऱ्या पोराने तो सिनेमा पाहिलेला नव्हता.

मग त्यांनी तो मला दाखवला. भर दुपारी, खोपटाचं दार लावून, चुना मारलेल्या भिंतीवर. मशीन त्यांनी कुठल्यातरी मोडीतून उभं केलेलं. मी शहाळ्यांच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसलो होतो. आणि मी हसलो. ‘हं’ करणारा मी, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. पडदा काळा झाला की आपलंच हसणं ऐकू यायचं, आणि त्यामागून दाराच्या फटीपाशी उभ्या राहिलेल्या वहिनींचं. वसंतदादांकडे पाहिलं तर ते भिंतीकडे बघतच नव्हते. आमच्याकडे बघत होते. त्यांना त्या सिनेमाचं काहीच कौतुक नव्हतं, उलट त्यातल्या नटांबद्दल ते जे बोलत ते इथे छापता येणार नाही. त्यांना कौतुक होतं हसणाऱ्या तोंडांचं. विनोदी सिनेमा आवडणं म्हणजे काय असतं ते मी त्या एका दुपारी पाहिलं. पाहून घरी आलो आणि सहा महिन्यांनी त्यावर लेख लिहिला.

पहिल्या खर्ड्यात वसंतदादांचं नाव होतं, हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. उलट ते काढायला मला जेमतेम एक संध्याकाळ लागली, हे कळावं म्हणून सांगतो. ऑपरेटरच्या हातून रिळं उलटी लागली, हा झाला चार ओळींचा किस्सा. वाचून लोक हसतील आणि पान उलटतील. काळाच्या पुढे असलेला, उपेक्षेत मेलेला दिग्दर्शक सापडला, हा झाला लेख. त्या दिग्दर्शकाचं कुणी उरलेलं नव्हतं. मला खोटं पाडणारा माणूस शिरगावात बॉयलरच्या नोकरीतून निवृत्त होऊन नागवेलीला पाणी घालत होता, आणि तो असली मासिकं वाचत नव्हता. मी लिहिलं, ‘परिणाम आधी आणि कारण नंतर दाखवून दिग्दर्शक मानवी अहंकाराची उलटतपासणी करतो.’ काळ्या पट्ट्यांवर तर दीड पान. ‘रिकाम्या चौकटींतून बोलणारं मौन’, असं त्याचं उपशीर्षक होतं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून हा सिनेमा पाहिल्याचंही लिहिलं. माझी आई सिनेमाला कधी गेली नाही. रिळं मुंबईला स्कॅनिंगला द्यायची ठरली तेव्हा प्रत्येक रिळाच्या आरंभी असलेल्या क्रमांकाच्या पट्टीची मला आठवण झाली. वसंतदादा तिला रिळाचं डोकं म्हणत. चौथ्याचं आणि पाचव्याचं डोकं मी माझ्या हाताने कापलं, आणि डब्यांवर नवे आकडे चिकटवले. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘प्रिंट जतन करणारे: श्री. वसंत राऊत’ असं छापलं. ते त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, “बरं. जतन काय, वास सोसला हिने.”

मुंबईत खेळ ठेवला तेव्हा मी त्यांना बरोबर नेलं. न्यायला नको होतं, पण आयोजकांना ‘तळागाळातला रसिक’ मंचाजवळ बसलेला हवा होता. दोनशे माणसं असतील. खादीचे कुर्ते, गळ्यात चष्मे, पायरीवर बसून टिपणं काढणारी मुलं. सिनेमा सुरू झाला. मिशी आमटीत पडली, पडदा काळा झाला, आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ते दोनशे जण ते मौन अनुभवत होते. माझा लेख वाचून आले होते ना. पुढच्या काळ्या पट्टीला एक बाई डोळे मिटून बसलेली मला दिसली. सातही जागा अशाच गेल्या. शेजारी वसंतदादा खुर्चीत अस्वस्थ हलत होते. मला वाटलं त्यांना बाहेर जायचं असेल.

नंतर चर्चा झाली. कुणा जाणकाराने विचारलं की या काळ्या जागा पटकथेतच होत्या की संकलनाच्या वेळी सुचल्या. मी उत्तराला सुरुवात करणार एवढ्यात वसंतदादा पहिल्या रांगेत उठून उभे राहिले. “ओ, ऐका,” ते म्हणाले. “ती काळी पट्टी माझी हाय. ती हसायला ठेवलीय. तुमी सगळे गप का बसलात?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायला तीन वाक्यं लागली असती. माईक माझ्याच हातात होता. मी जरासा हसलो आणि म्हणालो, “दादा आमचे जुने ऑपरेटर. या सिनेमावर इतकं प्रेम, की आता तो त्यांनीच केला असं वाटतं त्यांना. वय झालं... आठवणींचीही रिळं मागेपुढे होतात.”

सभागृह हसलं. त्या दिवसातलं पहिलं हसणं. प्रेमाने हसले ते, टाळ्याही वाजवल्या, आणि त्या टाळ्यांमध्ये वसंतदादा हळूच खाली बसले. माझं ते वाक्य इतकं आवडलं लोकांना की त्याचा व्हिडिओ करून कुणीतरी टाकला आणि तो हजारो जणांनी पाहिला.

परतीला गाडीत मनोरपर्यंत मीच मधूनमधून, पाणी हवंय का, एसी कमी करू का, असं विचारत होतो. मनोरला वळण घेतल्यावर म्हणाले, “साहेब, मिशी बरी चिकटलीय तुमची.” रागाने नाही. गेजवरचा आकडा वाचून दाखवावा तसं. मी म्हणालो, “दादा, तिथे ते समजावून सांगायची वेळ नव्हती. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती टाकतो.” ते म्हणाले, “टाका.” त्यानंतर चार वर्षं मी ती टाकली नाही. लेखाचं पुस्तक झालं, पुस्तकाची दुसरी आवृत्ती झाली. वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. त्या काळात मी परदेशातल्या एका महोत्सवासाठी तोच लेख इंग्रजीत करून दिला.

शेवटचं भेटणं ते जाण्याच्या दोन महिने आधीचं. त्यांनी नंदाकडून फोन करवून मला बोलावलं होतं. पडवीत खुर्ची टाकून बसले होते, अंगाने निम्मे झालेले. नंदा पालघरला शाळेत शिकवते. ती सुट्टी घेऊन घरी होती. वसंतदादांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. “घरात मला विस्तवाजवळ जाऊ देत नाय, साहेब. गॅस लावू देत नाय. एवढी वर्षं बॉयलर सांभाळला मी, आणि आता चहा करू देत नाय. डॉक्टरकडं नेलं. त्याने विचारलं, आज वार कुठला. मी बोललो, तुमी दवाखाना उघडलाय म्हणजे रविवार नाय. पोरगी रडली.” मग म्हणाले, “ती फिल्लम तुमी बघितलीत. तो व्हिडिओ. तो पोरीने बघितल्यापासून हे सुरू झालंय. मी सांगतो, तो जोड माझा, ती पट्टी माझी, तर बोलते, बाबा, काकाच बोलले ना, तुमचा घोळ होतो. एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलंल?”

बोलायला एकच गोष्ट होती, आणि ती मला नीट माहीत होती. ते म्हणाले, “चौथ्याचं आणि पाचव्याचं डोकं द्या मला. त्याच्यावर नंबर हाय. पोरीला दाखवतो.”

“तिकडेच राहिली असतील, दादा, स्कॅनिंगवाल्यांकडे,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेटरची नजर ती, कुठे जोड मारलाय ते त्यांना दिसणारच. एवढ्यात नंदा चहा घेऊन आली. “कसली डोकी, बाबा?” तिने विचारलं, आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून कसनुसं हसली. आजारी माणसाबद्दल पाहुण्याची माफी मागताना माणसं हसतात तसं. मीही तसाच हसलो. समजूतदार, सोसणारं हसू. मी आयुष्यात पुष्कळ खोटं लिहिलं, पण त्या हसण्याइतकं नीच मी काही केलेलं नाही. त्या दोन पट्ट्या त्या वेळी माझ्या घरी टेबलाच्या खणात एका लिफाफ्यात होत्या. आजही आहेत. का ठेवल्या ते मला माहीत नाही. टाकून देण्याइतकाही मी निर्ढावलेला नव्हतो, एवढंच त्यातल्या त्यात.

दहाव्याला गेलो होतो. मंडळाने माझ्याकरवी मोठा हार पाठवला होता, त्यावर ‘एका निष्ठावान रसिकास’ अशी पट्टी. वहिनींनी तो हार बघितला आणि कुणाला तरी म्हणाल्या, “बाजूला ठेव, गाय खाईल.” मला म्हणाल्या, “या, बसा. तुमाला मानायचे ते.” जेवणं उरकल्यावर नंदा हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसली. “काका, एक विचारू? शेवटी शेवटी ते एकच सांगायचे. मी एकदा खूप ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, बाबा, पुरे झालं आता, लोक हसतात. त्यानंतर बोलायचेच बंद झाले त्याबद्दल.” तिने हात पुन्हा पुसले. “त्यात खरं होतं का हो काही?”

अंगण मोकळं होत आलं होतं. वहिनी आत होत्या. ऐकायला कुणी नव्हतं, लाज वाटावी असं कुणी नव्हतं, आणि विचारणाऱ्या मुलीने उत्तर माझ्यावर सोपवलं होतं. मी म्हणालो, “आता कशाला ते, नंदा. शांत झाले ते.” ती “हो” म्हणाली आणि ताटं उचलायला गेली.

मंडळाने आता वसंतदादांच्या स्मृतीसाठी एक सत्र ठेवलं आहे. ‘प्रेक्षक म्हणून जगलेला माणूस’ असा विषय दिला आहे आणि बीजभाषण माझं आहे. मी जाणार नाही. त्याऐवजी हे लिहिलं. हे छापून आल्यावर मला शाली मिळणार नाहीत, ते ठीकच आहे. त्या दहा-बारा चौकटींपैकी कुणाला माझ्याबद्दल काय वाटेल याची मला फिकीर नाही, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना आता हा सिनेमा आणखीच थोर वाटायला लागेल याचीही मला खात्री आहे. पण हे लिहून मी फार धीराचं काही केलं असं कुणी समजू नये. अनोळखी हजार माणसांसमोर कबूल होणं सोपं असतं. हे जिच्यात छापून येणार ती वर्तमानपत्राची पुरवणी शिरगावात त्यांच्या घरी येत नाही, हे मी लिहायला बसण्याआधी चौकशी करून ठेवलं होतं.

म्हणून शेवटी एवढंच नोंदवतो. वसंत राऊत यांची आठवण शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होती. त्यांचा काडीचाही घोळ झालेला नव्हता. खोटं मी बोललो होतो. हे मला नंदाच्या समोर बसून, तिच्याकडे बघून सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.